प्रेमलताबाईंचे मुंबईतले नाव

प्रेमलता श्यामराव गुर्जर १९५२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला आल्या, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक सर्टिफिकेट होते. मुंबई राज्याच्या वहीत नोंदलेल्या सुईणीचे. मुंबईत त्यांनी चारशेवर बाळंतपणे केली होती. तार खात्यातल्या श्यामरावांची बदली झाली आणि बाई बागबाजारच्या दोन खोल्यांत रिकाम्या बसल्या. मुंबईची नोंद बंगालात चालत नव्हती. इथल्या वहीत नाव चढेपर्यंत कोणाच्या बाळंतपणाला हात लावायचा नाही, असे सुईणींची वही ठेवणाऱ्या कौन्सिलच्या कचेरीने बजावले होते. लावला तर मुंबईतली नोंदही जाण्याची भीती होती.

सकाळी गंगेवरून धुके यायचे आणि समोरची घरे एकेक करून नाहीशी व्हायची. बाई खिडकीत उभ्या राहून ते बघत. दुपारी डोळा लागला की मुंबईचा वॉर्ड दिसे. पण त्याच्या खिडक्यांबाहेरून ट्राम जात असे आणि खाटांवरच्या बायका बंगालीत कण्हत. जाग येई तेव्हा दोन्ही तळवे उताणे, किंचित वाकलेले असत.

“झोपेत काय धरून ठेवतेस गं?” श्यामरावांनी एका रविवारी विचारले.

“डोकं,” बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

खालच्या मजल्यावर घरमालकांची सून श्यामला राहायची. माघात तिचे दिवस भरत होते. पहिले मूल धनुर्वाताने गेले होते. दाईची कात्री उकळलेली नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. जिन्यात भेटली की ती बाईंचा हात धरायची, बौदी म्हणजे वहिनी म्हणायची.

“बौदी, या वेळी तुम्ही करा.”

“कागद आला की.”

“पोर कागदासाठी थांबणार आहे का?”

अर्ज बाईंनी सवयीने भरला होता: प्रेमलता श्यामराव गुर्जर. सोबतचे सर्टिफिकेट होते सुहासिनी दत्तात्रय पाध्ये यांचे. मुंबईत हे कोणी विचारलेच नसते. तिथल्या कारकुनाच्या स्वतःच्या बायकोचे नावही लग्नात बदललेले असायचे. इथल्या कचेरीतले कारकून मनोहरबाबू यांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला.

“हे दुसऱ्या बाईंचं आहे.”

“माझंच आहे. लग्नाआधीचं.”

“आडनाव बदलतं, कळलं. हे मधलं?”

“ते वडिलांचं होतं. आता यजमानांचं.”

“आणि पहिलं?”

“तेही बदललं.”

“मग दीदी, जुनं उरलं काय?” मनोहरबाबू शेजारच्या टेबलाकडे वळले. “एके काळी यांच्या मराठा घोडेस्वारांना अडवायला बागबाजारात खंदक खणावा लागला होता. आता एक फॉर्म पुरतो!”

टेबले हसली. बाईही हसल्या, कारण विनोद वाईट नव्हता. मग मनोहरबाबूंनी काम सांगितले: हे नाव बदलताना जो हजर होता, त्याला घेऊन या.

परतताना ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी होती. बाईंना वाटले, तिथे सुहासिनी बसली आहे: वीस वर्षांची, टोपीला कडक खळ, मांडीवर सामानाची पेटी. तिच्याकडे कामाचा हक्क होता. आपल्याकडे रेशनकार्ड. दोघी एकाच तिकिटावर बागबाजारला उतरल्या.

श्यामरावांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली.

“नाव कोणी बदललं?” मनोहरबाबूंनी विचारले.

“मी. ताटात तांदूळ पसरतात. त्यावर अंगठीने लिहायचं असतं.”

“यांना विचारून?”

श्यामरावांनी बायकोकडे पाहिले. “विचारायची पद्धत नाही.”

मनोहरबाबूंनी मान हलवली. बंगाल्यांकडच्या पद्धतीही त्यांना ठाऊक असाव्यात. “हलफनामा करा, शपथेवर लिहून द्या, की दोघी एकच. पण इथे नाव चढेल ते मुंबईच्या वहीतलं. प्रेमलता हवं असेल तर आधी मुंबईची वही दुरुस्त करून आणा. सहा महिने धरा.”

“मी आजच मुंबईला पत्र टाकतो,” श्यामराव म्हणाले.

“अहो, श्यामलाला दोन महिनेही नाहीत.” बाईंनी अर्ज स्वतःकडे ओढला, वरचे नाव एका रेघेने खोडले. “सुहासिनी लिहा.”

श्यामराव एरवी एका फटक्यात सही करत. त्या दिवशी हलफनाम्यावर त्यांनी अक्षर अक्षर काढले. घरी परतल्यावर जिन्यात म्हणाले, “मी मात्र प्रेमाच म्हणणार.”

“म्हणा की. तुम्हाला कोण फॉर्म भरायला लावतंय?”

कागद जानेवारीच्या एकोणीस तारखेला आला आणि बाईंनी तो खालच्या मजल्यावर वाचून दाखवला. दोन आठवड्यांनी, धुक्यामुळे खिडकीबाहेर अजून काहीच दिसत नव्हते अशा सकाळी, खालून श्यामलाच्या सासूने हाक मारली, “सुहासिनी!” श्यामराव दाढी करत होते. ही कोण, असे विचारायला त्यांनी तोंड उघडले, तोवर बाई पेटी घेऊन जिना उतरत होत्या.

साडेनऊला मुलगी झाली. कात्री वीस मिनिटे उकळलेली होती. पुढे रोज सकाळी बाई साबणाने हात धुऊन खाली जात आणि बाळाच्या ओठांत करंगळी देत. धनुर्वात झाला तर आधी चोखणे बंद पडते. बाराव्या दिवशीही पोरीने करंगळी अशी ओढली, की बाईंना ती सोडवून घ्यावी लागली.