थांबा, आत्ता मागत्याल

पद संपलं की तो उजवा हात वर करायचा, डोळे मिटायचा आणि तसाच उभा राहायचा. पेटीवाला त्याच्याकडे बघत ताटकळायचा. मग हा ओठ न हलवता पुटपुटायचा, "थांबा, आत्ता मागत्याल."

आणि मागायचे हो! मंडपातून "वन्स मोअर"ची आरोळी उठली की स्वारी डोळे उघडून, हसून, मान लववून पद पहिल्यापासून सुरू करायची. तुम्ही कधी भोरच्या जत्रेत आमचं संगीत नाटक पाहिलं असेल, तर तो हात तुमच्याही डोळ्यांपुढे असेल. पोटापाण्यासाठी तो कापूरहोळच्या गॅरेजात फिटर होता. ट्रकखाली पडूनही गायचा. तान संपली की खालून पाना धरलेला हात बाहेर यायचा आणि ड्रायव्हर निमूट "वन्स मोअर" म्हणायचा. न म्हणून करतो काय, ट्रक याच्या ताब्यात!

मी भोरच्या पेठेतला फोटोवाला. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं आणि मी हौसेनं एक जुना सिनेमाचा कॅमेरा घेतला होता. मुका कॅमेरा. चित्र हलायचं, आवाज नाही. ही बातमी कळताच हा ऑइलचे हात पुसत स्टुडिओत हजर.

"फोटोवाले, आमचं नाटक आक्काच्या घरात न्यायचंय."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, हिनंच त्याला वाढवलं. वेल्ह्याच्या पुढं डोंगरात तिचं घर. नाटकातला एकूण एक पोशाख तिनं हातानं शिवलेला. राजाचा अंगरखा तर स्वतःच्या लग्नातला शालू फाडून केला होता. पण नाटक तिनं कधी पाहिलं नव्हतं. दरवर्षी निरोप यायचा, "औंदा म्हस व्यायलीया, फुडल्या साली येते." मी कॅमेरा घेतला त्या साली गवताचा भारा घेऊन ती बांधावरून पडली, खुबा मोडला आणि कायमची खाटेला खिळली. बैलगाडीचे हिसके तिला सोसणार नव्हते.

"ल्हानपनी गुरांमागं गायचो, तवा तीच म्हनायची, परत म्हन. तिथनंच ही खोड लागली बघा," तो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. मला तरी नाही कसं म्हणवणार?

नाटक साडेतीन तासांचं. माझ्याकडे रिळं पाच, एकात चार मिनिटं. काय ठेवायचं, काय गाळायचं, यावरून मंडळी दोन दिवस हमरीतुमरीवर आली. शेवटी यानंच निकाल दिला.

"जितकं पोशाक, तितकं परवेस. गोष्ट तिला पाठ हाय. तिचा टाका दिसला पायजे."

झालं! राक्षसाला दोन पोशाख होते. त्यामुळे आमचा राक्षस तिसऱ्या रिळात मेला आणि चौथ्यात नवा अंगरखा घालून हसत हसत आला.

गॅरेजामागच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात आम्ही हे सगळं टिपलं. शेवटच्या रिळात राजाचं, म्हणजे याचंच, पद आणि मग हात जोडून नमस्कार, असं ठरलं होतं. पद झकास झालं. आणि गेला की हो हात वर!

"अरे, हात खाली घे! रीळ चाललंय!"

"थांबा, आत्ता मागत्याल."

"कोण मागणार? समोर दोन शेळ्या आहेत!"

हा ढिम्म. आता हात जोडेल, मग जोडेल म्हणून मी बटण सोडलं नाही. अखेर त्यानं डोळे उघडले, हसला, मान लववली, गाण्यासाठी तोंड उघडलं आणि रीळ संपलं. नमस्कार राहिला तो राहिलाच. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरं रीळ नव्हतं.

रिळं मुंबईहून धुऊन आली. आक्काकडे वीज नव्हती, म्हणून लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्याचा जनरेटर आम्ही वेल्ह्यापासून बैलगाडीत घालून वर नेला आणि गोठ्यामागं लांब ठेवला. भरदुपारी दारं लावली, खिडकीवर घोंगडी टाकली. आक्काला गोधड्यांना टेकवून बसवलं. शेजारपाजार दाटीवाटीनं बसला. हा पेटी घेऊन माझ्या प्रोजेक्टरमागं बसला. भिंतीवरच्या मुक्या ओठांकडे बघून सगळ्यांची पदं हाच म्हणणार होता.

पहिली चार रिळं आक्का हूं की चूं करेना. मग राजा आला.

"आगं बया! माजा शालू!" ती ओरडली. "काठ कसा उठून दिसतोय बगा!"

सगळं घर हसलं. याचा आवाज मात्र असा लागला की अंगावर काटा आला. पद संपलं आणि भिंतीवर तो मेला हात वर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फक्त जनरेटरची धडधड ऐकू येत होती. मी मागं वळून पाहिलं. "थांबा" म्हणायची त्याची हिंमत नव्हती. पेटीवर बोटं ठेवून तो खाटेकडे बघत होता.

"परत म्हन की रं," आक्का म्हणाली.

भिंतीवरच्या राजानं डोळे उघडले, हसला, मान लववली, तोंड उघडलं. रीळ संपलं. भिंत पांढरी झाली. आणि आमचा फिटर पेटी सोडून उठला, त्या पांढऱ्या उजेडात जाऊन उभा राहिला आणि ऑइलच्या डागांच्या खाकी कपड्यांत ते पद पहिल्यापासून गायला. आक्कानं तीनदा म्हणायला लावलं. शिट्ट्या काय, टाळ्या काय! जत्रेतही असं कधी रंगलं नव्हतं.

"फोटोवाले," निघताना आक्का मला म्हणाली, "शिवन चांगली निघालीया की माजी!"

आता आक्का नाही, तोही नाही. रीळ माझ्याकडे आहे. अधूनमधून घरी लावतो. त्याला आवाज नाही. राजा गातो, थांबतो, हात वर करतो. त्या हातापायी ज्याला मी तोंडाला येईल ते बोललो, त्याच्यापुढं आता घरात कुणी असो-नसो मीच मोठ्यानं ओरडतो, "वन्स मोअर!"

तो डोळे उघडतो, हसतो आणि मान लववतो.