तांदळातलं नाव

उंद्रीच्या सत्यभामाबाईंना सरकारनं सन्मान द्यायचं ठरवलं होतं, पण कोणाला द्यायचा हेच सरकारला कळेना. किसान सन्मानाचा हप्ता पडला की अख्ख्या गल्लीतले मोबाइल वाजत, बाईंचा तेवढा गप्प. दोन हजारांत त्या काही माडी बांधणार नव्हत्या. पण शेताकडं ढुंकूनही न बघणाऱ्या शेजारच्या रामरावाचा सन्मान व्हावा आणि बासष्टाव्या वर्षी सोयाबीन सोंगणाऱ्या बाईचा होऊ नये, याचा त्यांना भयंकर राग होता.

घोळ नावाचा होता. बाई बापाची एकुलती लेक. तिच्या नावावर तीन एकर करताना तलाठ्यानं नाव विचारलं, तेव्हा बापाच्या तोंडात तंबाखूचा बार होता. घरात हाक मारायचा तेच तो कसंबसं बोलला आणि सातबाऱ्यावर चढलं, छकुली. पुढं बीबी गावचे किसनराव पत्र्याची एक पेटी घेऊन घरजावई म्हणून आले. जमीन बायकोची, घर सासऱ्याचं; बदलण्यासारखं हाती उरलं ते बायकोचं नाव. लग्नात परातीतल्या तांदळावर त्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेही घाईत 'सत्यमामा'. भटजींनी बोटानं दुरुस्त केलं. आधार कार्डावर तेच आलं.

शेवटी दोघं तालुक्याच्या ऑफिसात गेले. टेबलामागच्या योगिनी मॅडमनी कागद चाळले.

"आजी, जमीन छकुलीची आणि आधार सत्यभामाचं. एक नाव बदलावं लागेल. सातबाऱ्यावर सत्यभामा करून घ्या, ते सोपं पडेल."

"करून टाका मॅडम," किसनराव लगेच म्हणाले. "एवढ्या मोठ्या बाईले छकुली म्हनाव काय? लोकं हासतीन."

बाईंनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ते खुर्चीत नीट बसले. मग बांगड्या वर सारून त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. मनगटाजवळ हिरवट, पसरट अक्षरं होती: छकुली. जत्रेत बापाच्या मांडीवर बसून, रडत रडत गोंदून घेतलेली.

"आधार बदला, मॅडम."

"ते लांबचं काम आहे, आजी. शाळेचा दाखला, अर्ज, चकरा. तोवर पुढचा हप्ताही बुडेल."

"बुडू द्या."

किसनराव कळवळले. "काऊन वो? म्या एवढ्या हौसेनं नाव ठेवलं होतं."

"तुमी तांदयात लिवलं होतं. ते तांदूय त्याच दिवशी शिजले, तुमच्याच वरातीनं खाल्ले." त्यांनी हातावर बोट ठेवलं. "हे जात नाई. लई घासून पाह्यलं."

चकरा आठ महिने चालल्या. एक सोडून दोन हप्ते बुडाले. किसनराव दर चकरेला कुरकुरले आणि दर चकरेला सोबत गेले.

परवा बाई शेतात तूर सोंगत होत्या. किसनराव बांधावर बाईंचा मोबाइल घेऊन बसले होते. मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज दोनदा वाचला, इकडंतिकडं कोणी नाही असं पाहिलं आणि ओरडले, "छकुली, आला वो हप्ता."

बाईंचा विळा थांबला. बाप गेल्यापासून त्या शेतात ही हाक कोणी मारली नव्हती. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण वळून काही पाहिलं नाही.

"आयकू नाई आलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हना."