आमची पेन ड्राइव्हवाली लॅब

स्टाफरूममध्ये चहा उकळेपर्यंत एक किस्सा संपतो, तोवर लॅबमधून दुसरा येतो. घनसावंगीच्या बाजूला आमची शाळा. हार्ड डिस्क गेलेले सहा जुने कॉम्प्युटर तिला फुकट मिळाले. मी गणिताची बाई, पेन ड्राइव्हवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ते चालवते. चालवते म्हणजे, बूटलोडरची मर्जी असेल तेव्हा! लिनक्सला झोपेतून उठवायचं काम त्याचं, आणि रुसतो तोच. लॅब बंद पडली तर खोली पोषण आहाराच्या तांदळाला जाणार होती. पोरींच्या हातात पहिल्यांदाच माऊस आला होता, मला ती खोली सोडायची नव्हती.

*

पहिल्याच दिवशी स्क्रीन काळी. मी वैतागून ओरडले, "बूट होत नाहीये!"

दाराशी झाडत असलेले शिपाई किसनमामा म्हणाले, "मंग एक नंबर मोठा घ्या की!"

सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह काढून बत्तीसचा लावला. झाला!

*

इतिहासाच्या शेख सरांनी चांगला चालणारा पेन ड्राइव्ह घरी नेला आणि रिकामा करून आणला.

"लॅपटॉपला लावला तर विचारतो, फॉरमॅट करू का? एवढं अदबीनं विचारून राह्यला, न्हाई कसं म्हणू मॅडम!"

*

त्याच सरांना मी फोनवर सांगितलं, सुरू करताना एफ-बारा दाबा. त्यांनी एफ दाबला, एक दाबला, दोन दाबला.

"अहो, वरच्या ओळीतलं ते एकच बटण आहे!"

"मंग एका बटणाला एवढं लांब नाव कशाला?"

*

दसऱ्याच्या पूजेनंतर एकही मशीन पेन ड्राइव्ह ओळखेना. टॉर्च मारून पाहिलं तर यूएसबीच्या खाचांमध्ये हळदकुंकू!

आमच्या मुख्याध्यापिका जाधवबाई शांतपणे म्हणाल्या, "वरवर लावून पूजा पोचती का?"

मी ब्रश घेऊन बसले.

*

मग तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. लॅब चालू दिसली नाही तर खोली रिकामी, असं आधीच कळवून आले. आदल्या दिवशी मी एकाच पेन ड्राइव्हची नक्कल सगळ्यांत उतरवली होती, तिच्यातली चूकही उतरली. बटणं दाबली आणि सहाही काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: "ग्रब रेस्क्यू". बूटलोडरला पुढचं काही सापडलं नाही की तो एवढंच लिहून थांबतो.

साहेबांनी चष्मा सावरला. "रेस्क्यू? हे काय करून राह्यले तुम्ही?"

जाधवबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, आपत्ती व्यवस्थापनाचा तास चालू आहे."

साहेबांनी सहाही स्क्रीन ओळीनं वाचून काढल्या. मग म्हणाले, "खोली राहू द्या बाई. आपत्ती काय, कधीबी येती!"