पाव्हण्यांच्या बाभळी

बेटासाठी सरकारी निधी आला आणि त्याच आठवड्यात बेटावरच्या बाभळी तोडल्या.

माझ्या मामांइतका पाखरांचा पाहुणचार करणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. त्यांचा ऊस धरणाच्या फुगवट्याला लागून होता आणि समोरच पाण्यात ते लहानसं बेट. तिथल्या वाळक्या बाभळींवर दर वर्षी चित्रबलाक घरटी बांधायचे. मामा त्यांना 'पाव्हणं' म्हणत. पाव्हणं आली की मामा ट्रॅक्टर लांबच बंद करून घरी चालत येत, आणि काठावर कुणी मोठ्यानं बोललं तर तोंडावर बोट ठेवत. माझ्या लग्नाची बोलणी त्यांच्या ओसरीवर कुजबुजत झाली; मुलीकडच्यांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे. मामी म्हणायच्या, "पाखरांला जावयाचा मान, आन् जावयाला गार च्या."

बेट राखायला पैसे मिळावेत म्हणून मामा वर्षानुवर्षं इंदापूरच्या कचेरीत जात. एकदा साहेबांनी विचारलं, "आबा, बेट नेमकं कुणाचं?" मामा म्हणाले, "वर आलं की सरकारचं, बुडालं की माशांचं. ऱ्हात्यात मातुर माझं पाव्हणं."

शेवटी निधी मंजूर झाला. पावसाळा तोंडावर होता, पाखरं निघून गेली होती. साहेबांनी मानानं मामांनाच विचारलं, काम काय धरायचं. पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याकडे आधी घर सारवतात. मामा म्हणाले, "पाव्हण्यांला वाळक्या काटक्यांवर बसवायचं व्हय? बाभळी काढा, वड लावा." तसंच झालं. कुंपण घातलं, फलक लागला. मामा नवं धोतर नेसून होडीनं गेले आणि पहिला वड त्यांनीच लावला.

पुढच्या वर्षी चित्रबलाक आले. बेटावर घिरट्या घालून पलीकडच्या तीराकडे निघून गेले. मामा दिवस मावळेपर्यंत काठावर बसून होते. मी शेजारी टेकलो, तेव्हा हळू आवाजातच म्हणाले, "सारवता सारवता घरच पाडलं की रं मी." त्यानंतर ते बांधावरच्या वाळक्या बाभळीच्या फांद्या होडीतून नेत आणि बेटावर रोवत. गावात लोक हसत. मामी हसल्या नाहीत. फांद्यांची मोळी त्याच बांधून देत.

मामा यंदा गेले. दशक्रियेला काठावर आम्ही सगळे हळूच बोललो, सवयीनं. बेटावर कुंपण आहे, फलक आहे, वड कमरेएवढे झाले आहेत. मामांनी रोवलेल्या फांद्यांपैकी एक अजून उभी आहे. तिच्यावर खंड्या बसतो.