गुरुवारचा शेक

गोळपच्या वासंतीकाकूंची कंबर बरीच वर्षं दुखत होती. मलमं झाली, लेप झाले, पट्टा बांधून झाला. एक्स-रेच्या फोटोत काही दिसेना, तेव्हा घरातली माणसं त्यांच्या कण्हण्याला सरावली. शेवटी २००१ साली त्यांचे यजमान आप्पा त्यांना दर गुरुवारी रत्नागिरीला ऋजुताच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेऊ लागले. शेक होईस्तोवर आप्पा बाजार करत.

कातळ ओलांडून गाडी भाट्याच्या पुलावर आली, की खाडीचा वारा लागे आणि काकूंना हुशारी वाटे. आप्पांना वाटे, हा मागच्या शेकाचा गुण.

बाकीच्या डॉक्टरांनी नुसती कंबर चाचपली होती. ऋजुताने, या पोरीने, विचारलं, दुखणं सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? काकू पालथ्या पडल्या पडल्या सांगून गेल्या. लेकीने, उर्वीने, परजातीत लग्न केलं. आप्पांनी तिचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. त्याच पावसाळ्यात कंबर धरली. आता शेक झाला, की खालच्या एसटीडी बूथवरून त्या उर्वीला चोरून फोन करत. त्या रात्री झोप लागे.

"कुणाकडे बोलू नको हां, बाय."

"नाही हो, काकू."

एका गुरुवारी पडद्याआड दिव्याचा शेक चालू होता. आप्पा बाजारातून लवकर आले. दुखणं कुठवर आलं ते घरच्या पुरुषाला सांगायचं, ही सगळ्याच दवाखान्यांची रीत. ऋजुताने ती पाळली. आपण भलंच करतोय, असं तिला वाटलं.

"काका, मणका धड आहे. दुखणं खोटं नाही, पण त्याचं मूळ मनावरच्या ताणात आहे. उर्वीशी फोनवर बोलल्या की त्यांना आराम पडतो. घरूनच बोलू द्या ना त्यांना."

पाठ उघडी, वर तापलेला दिवा. काकूंना उठताही येईना. बाहेर आप्पांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली. मग आप्पांचा शांत आवाज आला.

"मनाचं आहे होय? मग घरीच बरं होईल ते."

ऋजुता जिन्यापर्यंत मागे आली. तुमच्यासाठीच बोलले हो, म्हणाली. काकूंनी खाली बघून पायांत चपला सरकवल्या.

बूथ मागे पडला. एसटीत आप्पांनी खिडकीची जागा त्यांना दिली, पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. तिकडे उर्वी फोनपाशी बसली असेल. पुलावर गाडी आदळली.

"दुखतंय?" आप्पांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

पुढे कुठे दुखतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.