हौसाबाईच्या हिरड्या

पनवेलच्या मासळी बाजारात हौसाबाई निवट्या, खाडीची कोलंबी आणि चिंबोऱ्या घेऊन बसायची. जिवंत चिंबोरीच्या नांग्या ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सुतळीने बांधून टाकायची, खाली बघायचीसुद्धा नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून ती मला बाई म्हणायची. तिच्याकडून मी पंधरा वर्षं मासळी घेतली आहे.

२०११च्या सुमाराला तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की वेणीसुद्धा घालता येईना. दोन वर्षं तिने तेलं चोळली, काढे प्यायले. शेवटी मुलगी दिपिका तिला शहराबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथे समजलं की हा संधिवात, आणि तोही शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं त्या जातीचा. गोळ्या सुरू झाल्या. नांग्या बांधवेनात, म्हणून चिंबोऱ्या बंद झाल्या. कोलंबी तेवढी राहिली.

तिथेच एक अभ्यास चालू होता. अशा रोग्यांच्या तोंडात आणि आतड्यात कोणते जंतू असतात, ते निरोगी माणसांपेक्षा वेगळे असतात का, हे बघायचं होतं. हिरड्यांतले काही जंतू शरीराला चकवून सांध्यांवर उलटवत असावेत, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हौसाबाईला एवढंच सांगितलं की तुमचे नमुने द्या, कदाचित आजाराचं मूळ सापडेल. ती लगेच तयार झाली. मूळ सापडलं तर दिपिकाला तरी हे भोग नकोत, असं तिने मला सांगितलं होतं.

वर्षभरात तिने तीनदा नमुने दिले. थुंकी, हिरडीखालचा खरवडा आणि शौचाची डबी. ती डबी पिशवीत घालून, मांडीवर धरून ती सहा आसनी रिक्षातून जायची. एकदा शेजारच्या बाईने पिशवीकडे बघून विचारलं, आज कुठली मासळी नेतेस? हौसाबाईने मान खाली घातली. बाजारात अख्ख्या ओळीला गप्प करणारी बाई ती. हे सांगताना दोन वर्षांनीही तिचा चेहरा लाल झाला होता.

खरवडा घेणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी तिला सुनावलं की मिश्री लावता म्हणून दात असे झाले. हौसाबाईने जन्मात मिश्री लावली नव्हती. तिने तसं सांगितलं. मुलीने ऐकलं आणि कागदावर खूण केली.

तिसऱ्या नमुन्यानंतर कोणी बोलावलं नाही. त्या वर्षात तिचे खालचे दोन दात हलायला लागले आणि पडले. ती चौकशीला गेली, तर अभ्यास संपला म्हणाले. मला काय झालंय, असं विचारलं, तर निकाल एकेकाचे देत नाहीत म्हणाले. मग ती अंगठा उठवलेला संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचला. सातव्या कलमात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: तपासणीत कोणताही आजार आढळल्यास सहभागी व्यक्तीला कळवले जाईल.

आम्ही दोघी गेलो. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चहा मागवला. मी सातवं कलम पुढे केलं, तेव्हा त्यांनी कपाटातून तिची फाइल काढली. पहिल्या भेटीच्या तारखेसमोर दंतवैद्याने लिहिलं होतं: हिरड्यांचा गंभीर आजार, उपचार आवश्यक. खाली लिहिलं होतं: मिश्री, होय.

चौदा महिने तो कागद त्या कपाटात होता.

मी विचारलं, कळवलं का नाही? त्या म्हणाल्या, "मधेच उपचार झाले असते तर जंतू बदलले असते. तुलना करता आली नसती."

हौसाबाईने पदराची गाठ सोडली आणि दोन दात टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवले.

"हे पण घ्या," ती म्हणाली. "तुमी माज्या तोंडातलं जंतू मोजलं. तोंड कोनाचं हाय ते नाय बघितलं?"

 हौसाबाईने आधी मिश्रीपुढचा होय खोडायला लावला, मग विचारलं, अशा किती जणी आहेत? बासष्ट रोगी होते. एकोणतीस जणांच्या कागदावर हिरड्यांच्या आजाराचं तेच वाक्य होतं. त्या सगळ्यांना पत्रं गेल्याशिवाय मी उपचारालाही तोंड उघडणार नाही, असं सांगून ती उठली.

पत्रं गेली, पण आम्ही आणखी चार फेऱ्या मारल्यावर. मग तिच्या हिरड्यांवर उपचार झाले. रक्त यायचं थांबलं. पुढे बोटांची सूजही थोडी उतरली. ती हिरड्यांमुळे की गोळ्यांमुळे, हे सांगायला कोणी तयार नाही, आणि मीही सांगणार नाही.

माझ्या डोक्यात राहिली आहे ती आपटा गावची शांती, त्या एकोणतीस जणांतली एक. तिचं पत्र परत आलं, म्हणून आम्ही शोधत गेलो. ती दारात बसून भात कुस्करून खात होती. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. गावातल्या डॉक्टरने वयामुळे होतं असं सांगितलं होतं. तिचं वय सेहेचाळीस होतं.

हौसाबाईने तिथेच मला तक्रार लिहायला बसवलं. रुग्णालयाच्या समितीकडून दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे. तिने दुसरी तक्रार लिहून घेतली, आणि या वेळी गावोगाव फिरून एकोणीस जणींचे अंगठे घेतले. तेव्हा कुठे नियम निघाला की सापडलेला आजार त्याच दिवशी लेखी सांगायचा आणि उपचाराला पाठवायचं. आजवर एकाही माणसाने आमचं चुकलं असं कागदावर लिहून दिलेलं नाही.

शांतीला त्यांनी फुकट कवळी करून दिली. हिरडी सोलते म्हणून तिने ती आठवड्यात काढून ठेवली.