फाइल कुठून उचलली?

भाऊंसमोर ‘एकही एरर नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. इतर ऑफिसांत या वाक्यावर चहा मागवतात. भाऊ आठ्या घालून खुर्ची ओढायचे. “एरर न्हाई, ते कळलं. पन फाइल कुटून उचलली?”

आमचं ऑफिस घोरावाडी स्टेशनजवळ, दोन खोल्यांचं. कारखान्यातल्या प्रेस चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. भाऊ बेडसे गावचे. सहा वर्षं त्यांनी स्वतः प्रेसवर पत्रे दाबले होते, नोकरी सांभाळून डिप्लोमा केला होता. आमच्याकडे बिल्डचं, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र करून मशीनसाठी तयार करायचं काम त्यांचं. त्यांचं इंग्रजी अडखळायचं म्हणून पुण्याहून येणारी पोरं हसायची. हसोत बापडी. त्यांच्या चुका भाऊच निस्तरायचे.

मशीनचे आकडे हेडर फाइलमध्ये असतात. ती कुठल्या फोल्डरांत, कुठल्या क्रमाने शोधायची, याची यादी कंपाइलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यावी लागते. त्या नावाची पहिली फाइल सापडली की तो पुढे बघतच नाही. ही यादी भाऊ डोळ्यांत तेल घालून जपायचे. मी एकदा सोयीसाठी माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डर तिच्यात घुसडलं, तर त्यांनी सगळ्यांसमोर काढून टाकलं. म्हणाले, “ताई, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. हितं सगळ्यांना चालंल तेच ऱ्हाईल.” मला असा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्याचं काम आलं. नवी, वेगवान प्रेस. हात आत गेला की ती थांबली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. सॉफ्टवेअर द्यायच्या दिवशी सकाळी आमच्या साहेबांनी घाईघाईत स्वतःच बिल्ड केलं. एरर नाही. भाऊंनी तरीही कंपाइलरने कुठकुठल्या फाइली उघडल्या ते काढून बघितलं. यादीत साहेबांचं स्वतःचं फोल्डर सगळ्यात वर बसलं होतं, आणि त्यात त्याच नावाची, पण जुन्या संथ प्रेसची फाइल होती. हात दिसल्यावर ब्रेक किती वेळात लावायचा, तो आकडा जुना. नवी प्रेस थांबेपर्यंत बोटं गेली असती.

फोल्डर काढायला मिनिटही लागलं नसतं, पण चाचण्या आधीच्या बिल्डच्या झाल्या होत्या, नव्याच्या सगळ्या पुन्हा घ्याव्या लागणार होत्या. त्यात तीन दिवस जाणार. साहेब म्हणाले, आज हेच देऊ, सुधारलेलं पुढच्या आठवड्यात पाठवू, तुम्ही ‘तपासलं’ म्हणून कागदावर सही करा.

भाऊ शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमी सोता तितं जाऊन प्रेसमधी हात घाला. मग मी सही करतो.”

साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. माझी नोकरी पक्की व्हायला महिना राहिला होता. खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं. भाऊ माझ्याकडे बघतही नव्हते, खाली मान घालून चाचण्यांची तयारी करत होते. मी टोपण लावलं. “मीपण नाही करणार,” मी म्हणाले. कागद साहेबांकडे परत सरकवला.

सॉफ्टवेअर तीन दिवस उशिरा गेलं. महिन्याअखेरीस भाऊंना काढलं. कारण काय, तर वरिष्ठांशी उद्धटपणा! मी त्यांना विनवलं, एकदा माफी मागा, विषय संपेल. ते डबा पिशवीत भरत होते. “माफी मागितली तर मी चुकलो असं हुतंय,” म्हणाले. “मी चुकलो न्हाई.” आणि गेले. माझी नोकरी मात्र पक्की झाली, कारण बिल्ड नीट येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याची मला लाज वाटते, आणि त्यांना काढणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही.

पुढे एकदा मी त्या कारखान्यात गेले होते. प्रेसवर एक बाई काम करत होती. पत्रा वाकडा बसला आणि तिने सवयीने आत हात घातला. प्रेस अर्ध्यात थांबली. काम अडलं म्हणून सुपरवायझर तिच्यावर खेकसला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. हात बाहेर काढला, पत्रा सरळ केला आणि पुन्हा कामाला लागली.